हरेशने पुसलेला डाग

मुरबाडच्या फोटोग्राफर हरेशचा हात फोटो साफ करण्यात चांगलाच बसलेला होता. नवरीची मुरमं, नवऱ्याच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं, सासऱ्याचा पडलेला दात, सगळं तो कॉम्प्युटरवर न सांगताच नीट करून द्यायचा. धसईपासून वाशिंदपर्यंतची लग्नं त्याचीच.

२००७ साली नम्रता डॉक्टरांनी त्याला भलत्याच कामाला जुंपलं. त्या सर्जन. ऑर्कुट या तेव्हाच्या सोशल साइटवर त्यांच्यासारख्या आडगावच्या सर्जन मंडळींचा गट होता. साप चावून सडलेला पाय कधी वाचतो आणि कधी कापावा लागतो, याचा अभ्यास ही मंडळी एकमेकांच्या पेशंटचे फोटो बघून करत. गावात धड इंटरनेट होतं ते हरेशच्या स्टुडिओत.

पेशंट होती सिद्धगडाखालच्या पाड्यावरची मालू. घोणस चावलेली. जीव वाचला, पण पाऊल काळं पडलं. मजुरीवर जगणारी बाई. पाऊल गेलं की चूलच विझली. डॉक्टरांना धीर धरवत नव्हता आणि कापवतही नव्हतं.

हरेशने नुसत्या पावलाचे फोटो काढले तशी मालू उखडली. "तोंड नाय घेतलास? मंग मी केस कशाला विंचरले रे?"

फोटो गटावर चढले. दुसऱ्या दिवशी उत्तरं आली: पाय झकास आहे, कापायचंय काय त्यात?

डॉक्टर तडक स्टुडिओत. "हे लोक कुणाचा पाय बघतायत?"

पडद्यावर मालूचं पाऊल कसं, मेंदी काढायला घ्यावं असं.

"मॅडम, जरा डाग काढले," हरेश पुटपुटला. "एवढी मोठी माणसं बघणार..."

"गाढवा, तो डागच तर दाखवायचा होता!"

कॅमेरा उचलून हरेश दवाखान्याकडे पळत सुटला. नवे फोटो जसेच्या तसे चढवले आणि जेवण सोडून पडद्यासमोर बसून राहिला.

या खेपेला मंडळी खडबडून जागी झाली. दोघातिघांनी आपल्याकडचे तसेच पाय दाखवले. सल्ला एकच: बोटांची टोकं गुलाबी आहेत, मेलेली कातडी तेवढी काढा, पाऊल राखा.

डॉक्टरांनी कातडी काढली. खालून लालभडक रक्त आलं, म्हणजे मांस जिवंत होतं. रक्त बघून डॉक्टर हसतात, हे हरेशने प्रथमच पाहिलं.

जखम भरल्यावर गटासाठी शेवटचा फोटो हवा होता. मालू आपल्या पायांनी स्टुडिओची पायरी चढली. या वेळी हरेशने आठवणीने तोंडाचाही काढला.

"मावशी, हे देवीचे वण काढू?"

"हात लावू नको! डाग पुसलास तर फोटो परत काढायला डाक्तरीणबाय मला परत खाटंवर टाकल."