आंब्याखालचं गाऱ्हाणं

वर्गात माझी जागा ठरलेली, दाराजवळचा शेवटचा बाक. तिथून पटकन उठता येतं. पन्नाशी गाठल्यावर एम.ए.ला नाव घातलं आणि पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं, मला बसताच येत नाही. सर शिकवताहेत आणि माझा जीव घाटकोपरला, घरी. गॅस बंद केला ना? ह्यांनी गोळी घेतली का? पर्सची चेन उघड, बंद, उघड. पुढचा पोरगा मागे वळून बघतो. बघ मेल्या, बघ!

पूर्वी एकदा याच विद्यापीठात मी नाव घातलं होतं. बाबांची गिरणी नुकतीच बंद पडली होती. पहिली परीक्षा तोंडावर, खोलीत पुस्तक मांडीवर, आणि बाबा दारात येऊन म्हणाले, "ऊठ गो बाय, पाव्हणे इलेत." मी उठले, चहाचा ट्रे घेऊन गेले. लग्न झालं. त्या परीक्षेला काही बसले नाही. बाबांवर राग धरला नाही, त्यांची तरी काय चूक? पण ते "ऊठ" मात्र कानातून गेलं नाही.

तर यंदा पुन्हा पहिली परीक्षा. आमच्याकडे पद्धत अशी की, परीक्षेच्या आदल्या दिवशी दुसऱ्या वर्षाची मुलं नव्यांना आवारात फिरवतात. गोराईहून होडीने येणारी एक पोरगी या फेरीची पुढारी. तोंडाचा पट्टा नुसता!

"काकू, तुम्ही पण येताय? झकास! पण उन्हात चालायचंय हां."

"चालते गं. तू तुझं बघ."

लायब्ररीच्या बंद घड्याळाखालून जाताना वर बघायचं नाही, बघितलं तर वर्ष तिथेच अडकतं. तळ्याकाठी थांबायचं, कासवाने डोकं वर काढलं तर पेपर सोपा. सगळे कठड्याला लटकून कासवाची वाट बघत होते आणि माझा फोन वाजला. ह्यांचा. इस्त्रीचे कपडे कुठे ठेवलेत? कपाटाच्या वर. फोन ठेवला तर मुलाचा. आई, संध्याकाळी मित्र येताहेत, काहीतरी कर ना. मी लगेच निघायला वळले. कासव वर आलं की नाही ते कळलंच नाही.

"काकू, आंबा राहिला ना! तोच तर मेन आहे," पोरगी ओरडली.

थांबले, गेले त्यांच्यामागून. कॅन्टीनच्या मागे जुना आंबा आहे. कुणीतरी कोकणातल्याने कधीकाळी सुरू केलं असणार: परीक्षेच्या आदल्या दिवशी आंब्याखाली गोल बसून देवाला गाऱ्हाणं घालायचं. नारळ फोडायला सिक्युरिटीवाला देत नाही, म्हणून मध्ये वडापाव ठेवतात. यंदा गाऱ्हाणं घालायचं ठरलेला मालवणचा पोरगा तापाने घरी पडला होता. सगळे एकमेकांकडे बघायला लागले.

"काकू, तुम्ही कोकणातल्या ना? बोला मग!"

अरे देवा. आमच्या गावाकडे गाऱ्हाणं पुरुषांनी घालायचं. बायकांनी मागे उभं राहून व्हय म्हणायचं. पण बाबांचं लहानपणापासून ऐकलेलं. टेकले खाली, हात जोडले आणि आवाज आपोआप चढला.

"बा देवा म्हाराजा! आज ही लेकरां तुझ्या पायाकडे इली हत. तेंनी जो काय अभ्यास केलेलो आसा, तेका यश दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" पोरं दणक्यात ओरडली.

मग काय, मी सुटलेच. तापाने पडलेल्या पोराक बरो कर. कॅन्टीनवाल्याच्या धंद्याक बरकत दी. आमच्या ह्यांच्या गुडघ्याची पीडा टाळ. माझ्या झिलाक, एकुलत्या पोराक, चांगली नोकरी लागू दी. दर वेळी "व्हय म्हाराजा!" शेवटी, काय चुकला माकला तर पोटात घाल, असं म्हणून मी उठायला लागले.

"थांबा, थांबा," गोराईची पोरगी म्हणाली. "तुमचं राहिलं."

"माझं काय?"

"परीक्षा तुमचीच आहे ना उद्या? गुडघ्याची आहे का?"

सगळे हसले. मी पण हसले, परत खाली टेकले आणि हात जोडले. काय मागू? पास कर म्हणू? तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर आलं.

"म्हाराजा... ह्या वेळाक माका मधीच कोणी उठवू नये, असा कर रे."

मग सगळे एकदम, पहिल्यापेक्षा मोठ्याने: "व्हय म्हाराजा!"

तेवढ्यात पर्समध्ये फोन वाजायला लागला. सवयीने माझा हात चेनकडे गेला, एक गुडघा उचललासुद्धा. त्या पोरीने माझं मनगट धरलं. वडापावचा तुकडा मोडून हातात ठेवला.

"बस ना गं," ती म्हणाली.

फोन वाजत राहिला. मी बसले.