कापसाच्या खोलीतले कागद

माझा नवरा गेला तो हे माहीत नसताना गेला. पोरांना माहीत नाही, सुनांना नाही. देवापुढं हात जोडले तेव्हाही ही गोष्ट मी तोंडानं कधी काढली नाही — त्याला आपोआप कळली असेल तर असेल. आज तुम्हा वाचणाऱ्यांना सांगते. तुम्ही मला ओळखत नाही म्हणून सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. जात नाही.

मी चौथीपर्यंत शिकले, सौंसरजवळच्या आमच्या गावच्या मराठी शाळेत. लिहायची सवय नाही, बोलायची आहे. गावात कोणालाही विचारा, ही बाई जे असेल ते तोंडावर बोलते असंच सांगतील. सुनेच्या भाजीत मीठ जास्त झालं तर मी पाहुण्यांसमोरही सांगते. ते बरोबर की चूक ते सोडा. अशी आहे मी. आणि अशी असून एक गोष्ट मी पंचवीस-तीस वर्षं गिळून बसले — मग ती किती वाईट असेल?

निमा माझ्या धाकट्या दिराची मुलगी. तिची आई लवकर गेली, म्हणून ती माझ्या चुलीपाशी वाढली. मला मोठ्याई म्हणते. आता ती मोठी चित्रकार आहे. तिचे कागद दूरदूर जातात, परदेशातही गेले. कागदच म्हणते मी, कारण चित्र म्हणावं तर त्यात काही काढलेलं नसतं. झाड नाही, माणूस नाही, मोर नाही. नुसता रंग आणि कागद, आणि त्यांच्या मधली जागा.

मागच्या हिवाळ्यात तिनं पांढुर्ण्याला कापसातून सरकी काढायच्या एका बंद पडलेल्या जिनिंगमध्ये काम मांडलं. मला गाडीत घालून घेऊन गेली. आत पाहते तर छतापासून जमिनीपर्यंत लांबच लांब कागद टांगलेले, काही दुधावरच्या सायीसारखे पातळ, काही गोधडीसारखे जाड. आपण त्यांच्या मधून चालायचं. उन्हं वरच्या झरोक्यातून येऊन एका कागदातून दुसऱ्यावर पडत होती आणि दुसऱ्यातून आपल्या अंगावर. माझं लुगडं पांढरं होतं. चार पावलांत ते पांढरं राहिलं नाही.

आमच्या शेजारची म्हातारी दारातच म्हणाली, "अवं बाप्पा, हे तं साड्या वाळत घातल्या वाटते!"

निमानं ऐकलं. हसून म्हणाली, "मग आत जाऊन पाहून ये ना आजी, वाळल्या का ओल्या आहेत."

म्हातारी आत गेली ती बाहेरच येईना. मला आणायला जावं लागलं. मधोमध उभी होती, दोन्ही तळहात समोर धरून, त्यांच्यावर पडलेला रंग पाहत. मी म्हटलं, चल. ती म्हणाली, "थांब वं जरा, काऊन घाई करून राह्यली?"

मी तिला काय बोलणार? मी स्वतः एका कागदाजवळ बराच वेळ उभी राहिले होते. संत्र्याचा रंग मला काय नवा? बागेतच जन्म गेला. पण संत्रं हिरव्याचं पिवळं होतं ना, ते मधले दिवस — आम्ही ते नुसते व्यापाऱ्याची वाट पाहण्यात घालवतो — ते सगळे दिवस त्या एका कागदावर वरून खाली उतरत आले होते. हे तिनं कधी पाहून ठेवलं? माझ्याबरोबरच तर बागेत यायची. टोपलं डोक्यावर घेऊन माझ्या मागं चालायची. मी फळं मोजत होते, आणि ती हे पाहत होती.

तिच्या कामाची एक खूण आहे. कागद वरून बांधलेला असतो, खाली मोकळा. आपण चाललो की हलतो, थांबलो की थांबतो. लोकांनी तिला विचारलं, हे तुम्हाला कसं सुचलं? तेव्हा ती माईक घेऊन उभी राहिली आणि तिनं ती गोष्ट सांगितली. ती नेहमी तीच गोष्ट सांगते, म्हणे. मी पहिल्यांदा ऐकली.

म्हणाली — पोरवयात होते तेव्हा घरी कापसाच्या खोलीत पहिल्यांदा कागद टांगले होते. खिडकी लावायला विसरले. वावधन आलं आणि सगळं फाडून गेलं. माझ्या मोठ्याईनं एक एक तुकडा वेचून ठेवला, ती ही समोर बसली आहे. त्या दिवसापासून मी वाऱ्याला जागा ठेवते.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. एक शिकलेली बाई येऊन माझ्या पाया पडली. मी पाय मागं घेतले नाहीत.

वावधन म्हणजे आमच्याकडे उन्हाळ्याच्या तोंडाशी उठणारा सोसाट्याचा वारा. घरावरची कवेलू उडवतो, कडब्याच्या गंज्या पाडतो. त्या दिवसांत तो येतोच, म्हणून कोणी शंका घेतली नाही. घेतली असती तर? माहीत नाही. मी तेव्हाही खोटंच बोलले असते, असं आता वाटतं.

आता ते सांगते.

निमा बारावी होऊन घरी बसली होती. सौंसरच्या शाळेतल्या तिच्या चित्रकलेच्या बाईंनी तिच्यात काहीतरी पाहिलं होतं. नागपूरला कॉलेजात शिकवणारे एक सर त्यांच्या ओळखीचे. बाई म्हणाल्या, तू काहीतरी मोठं करून दाखव, मी सरांना घेऊन येते. त्यांनी तुझ्या वडिलांना सांगितलं तर तुला नागपूरला शिकायला पाठवायला ते नाही म्हणणार नाहीत. दीर माझा शिकलेल्या माणसाला फार मानायचा. म्हणजे पोरीचं सगळं त्या एका भेटीवर होतं. हे घरात सगळ्यांना माहीत होतं. मलाही.

त्या वर्षी भाव नव्हता म्हणून होळी जवळ आली तरी कापूस घरातच होता. मागची खोली अर्ध्यापर्यंत भरलेली. कापसाच्या खोलीत कोणी उगाच शिरत नाही, अंगाला खाज सुटते. पण निमाला तीच खोली पाहिजे होती. मी म्हटलं, अंगणात टांग, बैठकीत टांग. नाही. "मोठ्याई, खाली पांढरं पायजे ना. रंग पडाले पांढरं कुठून आणू?" दिरानं हो म्हटलं, एवढीच अट घातली की कापसाला डाग लागला नाही पाहिजे. डागाळलेला कापूस व्यापारी हातात घेत नाही.

तिनं सौंसरहून पतंगी कागद आणले, संक्रांतीचे उरलेले. साधे पांढरे ताव पळसाच्या पाण्यात बुडवले. फुलं उकळली माझ्या वरणाच्या पितळी गंजात, त्यावरून मी तिला इतकं बोलले की शेजारी ऐकायला उभे राहिले. तिनं गंज घासून दिला आणि हळदीसाठी दुसरा मागितला. अशी होती. कागद दोन-दोन दिवस दोरीवर वाळवले, मग कापसाच्या खोलीत नेऊन बांधले. दार लावून काम करायची. तयार झाल्याशिवाय कोणी आत यायचं नाही, असं सांगून ठेवलं होतं.

सर येणार त्याच्या आदल्या दिवशी ती बाईंना वेळ विचारायला सौंसरला गेली. पुरुष शेतात होते. दुपारी मला वातींसाठी कापूस पाहिजे होता. हे खरं आहे — मी पाहायला म्हणून गेले नाही, कापूस घ्यायला गेले. दाराची साखळी काढली, आत पाऊल टाकलं.

काय सांगू? आढ्याला काचेचं एक कवेलू होतं, त्यातून ऊन उतरत होतं. ते कागदांतून गाळून खाली येत होतं आणि खाली सगळा तो कापूस. पिवळा, पळसाच्या रंगाचा, एका कोपऱ्यात निळा, आणि जिथं दोन रंग एकावर एक पडले तिथं — त्या रंगाला आमच्याकडे नावच नाही. माझा कापूस तो. मी वेचलेला, माझ्या ओटीतून आलेला. तो मी कधी असा पाहिला नव्हता. मी तिथंच कापसावर बसले. खाज सुटली तरी उठले नाही. चुलीवर दूध होतं, ते उतू गेलं, मला वास आला, तरी उठले नाही.

मग उठले आणि कागद ओढून काढले. एक ओढला, मग थांबताच आलं नाही. दोऱ्यांसकट खेचले. पतंगी कागद सहज फाटतो. पळसाचे ताव कडक झाले होते, ते दोन्ही हातांनी फाडावे लागले. तेही फाडले.

का? तुम्ही म्हणाल, कापसाची काळजी वाटली असेल. पुढं मीही मला तेच सांगत आले. पण पाहा — कापसासाठी फाडले असते तर मी अंगणात उभी राहून सांगितलं असतं, हो, फाडले, जा. घरातल्या कोणी मला नाव ठेवलं नसतं, नवऱ्यानं तर बरं केलं म्हटलं असतं. कापसाला थेंबभरही डाग नव्हता. एवढं जपून तिनं काम केलं होतं. मग मी लपवलं का? लपवलं, कारण मला माहीत होतं. मी ते फाडलं, कारण ते सुंदर होतं. ही पोर, जिची वेणी मी घालते, जिची भाकरी अजून वाकडी होते, तिच्या डोक्यात हे होतं आणि माझ्या डोक्यात कधीच काही नव्हतं. उद्या ती निघून जाणार, हे मला त्या खोलीत बसल्या बसल्या कळलं. आणि मनात आलं — हिलाच काऊन? एवढंच. याच्यापेक्षा मोठं कारण मी शोधून पाहिलं. सापडलं नाही.

फाडून झाल्यावर शुद्ध आली. मग मागची खिडकी उघडली, काही तुकडे बाहेर पऱ्हाटीच्या काड्यांच्या कुंपणावर टाकले, आणि उरलेले वेचत बसले. निमा आली तेव्हा माझ्या ओच्यात तुकडे होते.

मी म्हटलं, "वावधन आलं वं बाई. खिडकी उघडीच राह्यली होती तुयी."

ती म्हणाली, "मी लावली होती."

"लावली असती तं उघडली असती का?"

ती खिडकीकडं पाहत राहिली. रडली नाही. थोड्या वेळानं तिनं मलाच विचारलं, "लावली होती ना मी, मोठ्याई?"

ऐकलं तुम्ही? आधी म्हणाली, लावली होती. मग विचारलं, लावली होती ना. तेवढ्या वेळात मी तिच्याकडून काहीतरी काढून घेतलं. कागदांचं म्हणत नाही मी. मी म्हटलं, "घाईत राहून जाते असं कधीकधी." वरून प्रेमानं म्हटलं. पाठीवर हात फिरवला.

दुसऱ्या दिवशी सर आले. तिनं तुकडे दाखवले. सरांनी चहा घेतला, पुढच्या वर्षी पाहू म्हणाले. आमच्या घरात पुढचं वर्ष पुष्कळ वर्षं आलं नाही. दिरानं विषय संपवला. निमा पांढुर्ण्याला एका खाजगी शाळेत लहान पोरांना शिकवू लागली, सकाळच्या गाडीनं जायची, संध्याकाळी थकून यायची. घरचे लग्न जमवायला गेले, तिनं होऊ दिलं नाही. शेवटी स्वतःच्या पगारावर, स्वतःच्या हिमतीवर बाहेर पडली, वयानं लहान पोरांच्या वर्गात बसून शिकली, आणि इथवर आली. तिची ती मधली वर्षं माझ्यामुळं गेली.

कोणी म्हणेल, झालं ते चांगलंच झालं, त्यातूनच तिचे मोकळे कागद आले. असं मला म्हणू नका. ती मोठी आहे म्हणून तिनं त्या चिंध्यांतूनही काही काढलं. तिच्या जागी दुसरी असती तर आयुष्यभर वाकड्या भाकरी थापत राहिली असती. माझं त्यात काही नाही.

जिनिंगमधून निघताना लोक गेले होते. मी गाडीत बसले. निमा आत एक एक खिडकी पाहत फिरत होती, ओढून ओढून. चौकीदार म्हणाला, "मॅडम, मैं सब बंद करके आया ना." तरी ती पाहून आली. गाडीत बसली. गाडी फाटकापर्यंत गेली, आणि तिनं थांबवायला सांगितली. उतरली, परत गेली, पुन्हा सगळ्या खिडक्या पाहिल्या. केस पिकलेली, एवढं नाव असलेली बाई. परत येऊन बसली आणि हसत म्हणाली, "माझा मलाच भरवसा नाही, मोठ्याई. तुला तं माहीत आहे."

मला माहीत होतं. वाटेतल्या तिगावपर्यंत मी नुसती बाहेर पाहत राहिले. ती मला थकलीस का विचारत होती. तेव्हाही मी बोलले नाही. तेव्हा तर कोणाची भीती नव्हती, ना नवऱ्याची ना दिराची — दोघंही गेलेले. तरी बोलले नाही.

हे छापून आलं की निमा वाचेल. तिला जे म्हणायचं ते ती म्हणेल. मला उरलेलं एकच सांगायचं आहे, ते तिचं आहे म्हणून.

निमा, खिडकीची कडी तू लावली होतीस. चांगली घट्ट लावली होतीस. मला हातानं निघेना. मग स्वयंपाकघरातून वरवंटा आणला आणि ठोकून काढली.