उजवीकडील खालच्या दाढेविषयी खुलासेवार अर्ज

अर्जदार : खाली सही करणार, धंदा अर्ज व दस्त लिहिणे, बैठक ठाकूरद्वारच्या नाक्यावर, शिक्षण मराठी सहावी. ज्यांच्याकरिता अर्ज : अर्जदाराचे थोरले साडू, धंदा जुन्या मोटारी दुरुस्त करणे, राहणार लालबाग. साक्षीदार : एक, अर्जदाराची मेहुणी, म्हणजे साडूंची पत्नी, दोन, माटुंग्याचे एक वकीलसाहेब, पूर्वी मिशी होती, तीन, वरळी कोळीवाड्यातील एक मासळीवाली बाई, स्वतःच्या मोटारीसह. घटनेचा दिवस : येता सोमवार, सकाळ. मुद्देमाल : दाढ, नग एक, उजवीकडील, खालची.

सेवेशी दंतवैद्य डॉक्टरसाहेब, माझ्या साडूंचे सर्व दात येत्या सोमवारी काढण्याचे आपण ठरविले आहे. त्यांतील वरील दाढ राखून ठेवावी, असा चार ओळींचा अर्ज मी गेल्या आठवड्यात आपल्या खिडकीवर दिला होता. तो ‘कारण अपुरे’ असा शेरा मारून परत आला. इतक्या वर्षांच्या धंद्यात माझे अर्ज लांब आहेत असे पुष्कळांनी म्हटले, अपुरे आहेत असे आजवर कोणी म्हटले नव्हते. तेव्हा आता कारण पुरे करतो.

सर्वप्रथम हे नमूद करतो की, कुलाब्यापासून माहीमपर्यंत माझ्या साडूंएवढा तऱ्हेवाईक इसम झाला नाही, आणि दुसरा होऊ नये म्हणून परमेश्वराने योग्य ती खबरदारी घेतलेली दिसते. लालबागेत एका चाळीच्या बाजूला पत्र्याचा आडोसा आहे, तोच त्यांचा कारखाना. तिथे फक्त म्हाताऱ्या मोटारी येतात. मालकांना सोडवत नाहीत आणि नवीन घेववत नाहीत, अशा. या मोटारींचे मूळचे भाग विलायतेत तयार होणे केव्हाच बंद झाले आहे, आणि जे होतात ते परवान्याशिवाय येत नाहीत. एकदा माटुंग्याचे वकीलसाहेब म्हणाले, “मिस्त्री, मूळचाच पार्ट येईपर्यंत मी थांबतो.” साडू म्हणाले, “थांबा. मुंबई महाराष्ट्रात येईल, पण तुमचा पार्ट नाही यायचा.” आणि त्यांनी त्याच दिवशी गिरणीच्या जुन्या चामडी पट्ट्यातून एक चकती कापून वकीलसाहेबांच्या काळ्या मोटारीत बसवली, ती आजतागायत आहे. बसविण्याच्या या कामाला ते ‘सोयरीक’ म्हणतात. एका गाडीचा भाग दुसरीत घालण्यापूर्वी तो भाग दोन दिवस त्या गाडीच्या सीटवर ठेवतात. “नुसतं माप जुळून काय होतं? घरात रुळला पाहिजे.” कोळीणबाईंच्या मोटारीला भाऊच्या धक्क्यावरील एका मोडीत निघालेल्या लाँचचा भोंगा आहे. तो वाजला की दादरच्या मासळीबाजारातील मांजरे रस्त्याला लागतात. एका डॉक्टरांच्या गाडीच्या दाराला तिजोरीची मूठ आहे. दार उघडायला दोन फेरे लागतात. पण त्यानंतर ते दार कधी आपणहून उघडलेले नाही, जे पूर्वी वळणावर नेहमी उघडत असे.

एवढ्यावर थांबले असते तर मी त्यांना केवळ कलावंत म्हटले असते. परंतु त्यांचे गिऱ्हाइकांशी वर्तन असे होते की, मी, जो वकील आणि हाकीम यांच्यात वावरलेला मनुष्य, मला त्यांचा साडू म्हणवून घेण्याचा संकोच वाटे. ते कोणाच्याही डोळ्यांकडे पाहत नसत. तोंडाकडे टक लावून पाहत, जणू समोरच्याने त्यांचे काही गिळले आहे. पाठमोऱ्या माणसाने हाक मारली तर ओ देत नसत. दिवेलागण झाली की अर्धे वाक्य टाकून पत्रा ओढत, मग समोर लाट साहेब का असेना. आणि मिशीवाल्या गिऱ्हाइकाची गाडी घेत नसत. हा त्यांचा नियमच होता. वकीलसाहेबांची मिशी तेव्हा भरघोस, ओठांवर छपरासारखी आलेली. ते पहिल्यांदा आले तेव्हा साडूंनी त्यांच्या तोंडाकडे बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, “झाड तोडा, मग बोलू.” मी तिथे हजर होतो. मी लाजेने रेडिएटरमागे गेलो. तिसऱ्या खेपेस वकीलसाहेब आले ते मिशी काढून. त्यांना मी क्षणभर ओळखले नाही, म्हणून नमस्कारही राहिला. तो या अर्जाद्वारे करतो.

आता मुद्द्याची गोष्ट. साडूंकडे हातभर लांबीचा एक पेचकस, म्हणजे स्क्रू पिळण्याचे हत्यार, आहे, त्याची मूठ गिरणीच्या मागावरील जुन्या धोट्याच्या लाकडाची आहे. इंजिन चालू करायचे, पेचकसाचे टोक त्यावर टेकायचे, आणि मूठ उजवीकडच्या दाढांत घट्ट धरून डोळे मिटायचे, अशी त्यांची तपासणीची रीत. रस्त्यावरची माणसे हसत. कोळीणबाई पहिल्या दिवशी ओरडल्या होत्या, “अगो बाय! माझी गारी चावतंय ह्यो!” साडूंनी मूठ तोंडातून काढली आणि म्हणाले, “तीन नंबर रुसलाय. बाकीचे तिघे त्याचं काम ओढतायत.” इंजिन उघडले तेव्हा तिसऱ्या नंबराचा व्हॉल्व्ह जळालेला होता. मी त्यांना अनेकदा विचारले की, सभ्य माणसासारखा कान का लावत नाही? उत्तर कधीच आले नाही. हा उद्धटपणाचा कळस आहे, असे मी घरी पत्नीला सांगत असे.  ती आणि तिची बहीण दोघींना खरे कारण ठाऊक होते, मला सांगू नये असे ठरले होते. कारण मी, त्यांच्या मते, जे कळते ते कागदावर लिहून टाकतो.

मला कळले ते असे. संयुक्त महाराष्ट्राच्या प्रचारासाठी आमच्या वॉर्डातील कार्यकर्त्यांना एक मोटार हवी होती. वकीलसाहेबांनी आपली दिली. तिच्या टपावर लाऊडस्पीकरचे दोन कर्णे आणि आत जादा बॅटरी बसविण्याचे काम साडूंकडे आले. त्यांनी ते तीन दिवस खपून केले आणि त्याबद्दल काही घेतले नाही. चाचणीच्या वेळी एक कार्यकर्ता आत बसून घोषणा देत होता. साडू कर्ण्यांकडे न पाहता टपावर पंजा टेकून उभे. म्हणाले, “डावा गुरगुरतोय. वायर ढिली आहे.” होती. संध्याकाळी सभा झाली. मैदानाच्या कडेला मोटार उभी, आणि साडू पूर्ण दोन तास टपावर हात ठेवून, डोळे मिटून उभे होते. मी शेजारी. लोकांनी घोषणा दिली की त्यांच्या हाताखालचा टप थरथरे, आणि मग ते घोषणा देत. सर्वांच्या मागून, एकटेच, आणि फार मोठ्याने. माणसे वळून पाहत. एका घोषणेला त्यांच्या डोळ्यांतून पाणी आले. सभा संपल्यावर त्यांनी माझी बाही धरली आणि विचारले, “साडू, काय म्हणाले हो?”

मी म्हणालो, “दोन तास उभे होता की तुम्ही!”

ते माझ्या तोंडाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “चौदा वर्षं गिरणीत, साचेखात्यात होतो. कापड विणणारे शेकडो साचे एकदम खडखडतात तिथे. पहिल्या पाच वर्षांतच कान गेले. तिथे सगळेच ओठ बघून बोलतात, म्हणून कुणाला काय वाटत नाही. बाहेर आल्यावर वाटतं. बहिऱ्या मेकॅनिककडे गाडी कोण देईल?”

 डॉक्टरसाहेब, मी त्यांना भाषण सांगितले. मैदानापासून लालबागेपर्यंत आम्ही चालत गेलो, रस्त्यावरचे दिवे नुकतेच लागले होते. दिव्याखाली थांबायचे, मी त्यांच्याकडे तोंड करून चार वाक्ये बोलायची, मग पुढच्या दिव्यापर्यंत गप्प चालायचे. मधल्या अंधारात ते मी सांगितलेले मनात घोळवीत असावेत. कारण पुढच्या दिव्याखाली पोचताच म्हणत, “हां, मग?” मूळ भाषण दोन तासांचे होते. माझे त्याहून थोडे लांबले, आणि काही ठिकाणी सुधारले, असे प्रामाणिकपणे नमूद करतो.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला आडोशाला बोलावले आणि तो पेचकस माझ्या हाती दिला. “धरा दातांत. कानांत बोटं घाला.” मी धरला, तेव्हा माझे दात माझे स्वतःचे होते. डॉक्टरसाहेब, माझ्या कवटीत गिरणी सुरू झाली. इंजिनाचा प्रत्येक ठोका वेगळा, स्वच्छ, माझ्या स्वतःच्या डोक्यात. साडू लहान मुलासारखे हसले. “पुढचं दार लागलं, म्हणून पाहुणा यायचा राहत नाही. मागल्या दाराने येतो.” त्यानंतर एवढी वर्षे मी हे गुपित पाळले. सही करणाराच्या नावावर ही एक गोष्ट तरी जमा असावी.

ते मागले दार आता आपण बंद करणार आहात. त्यांच्या हिरड्या पिकल्या आहेत, दात हलतात, ताप येतो, हे सर्व मला मान्य आहे. आपण कवळी बसवू म्हणालात. ते तोंडी ठीक म्हणाले, कारण आयुष्यभर दुसऱ्यांना परका भाग बसविणाऱ्याने स्वतःच्या वेळी नाही कसे म्हणावे! घरी येऊन मात्र त्यांनी माझी कवळी मागून घेतली. दोन दिवस ती खिशात बाळगली, आपल्या रिवाजाप्रमाणे. मग तोंडात घालून पेचकस धरला. मूठ सटकली. पुन्हा धरली. मग कवळी धुऊन, फडक्यात गुंडाळून मला परत दिली. “माप नाही, साडू. पण तेवढंच नाही. आवाज हिरडीपाशी येऊन थांबतो, आत येत नाही.” मेहुणीने विचारले, “मग आता?” ते म्हणाले, “मग काय. पत्रा ओढायचा.” ती चुलीकडे वळली आणि, त्यांना दिसू नये म्हणून, पाठमोरीच बोलली, “अर्ज लिहा हो भाऊजी. लांबलचक लिहा.”

साक्षीसाठी मी वकीलसाहेबांकडे गेलो. खरे कारण न सांगता, धंद्यातील चातुर्याने, इकडचे तिकडचे बोलू लागलो. त्यांनी मला मध्येच थांबविले. “अहो, मी मिशी काय हौसेने काढली? त्यांना ऐकू येत नाही हे पहिल्याच दिवशी कळलं. बायको आठ दिवस बोलली नाही माझ्याशी.” मी थक्क होऊन कोळीवाड्यात गेलो. बाई टोपली उतरवीत म्हणाल्या, “बहिरा हाय तो, ता दर्याला पन ठावं हाय! आमी त्याच्यासमोर त्वांड करून उजेडान उबी ऱ्हातू, ता काय उगाच? तू नको सांगू त्याला. लाजल तो.” म्हणजे गुपित असे काही नव्हतेच. सारे गिऱ्हाईक आपापल्या ठिकाणी ते पाळीत होते, आणि साडू सर्वांपासून ते लपवीत होते. हा कागद साडूंच्या हाती पडू देऊ नये, ही पहिली विनंती.

दुसरी विनंती मुख्य. सदर दाढ, उजवीकडील खालची, आणि तिच्यावरची जोडीदारीण शास्त्राला मान्य असल्यास तीही, शक्य तितके दिवस राहू द्यावी. दुखली तर ते तक्रार करणार नाहीत, याची हमी मी देतो. त्यांनी आजवर कशाचीच तक्रार केलेली नाही. ते काम कुटुंबात माझ्याकडे आहे.

आणि शास्त्राला मान्य नसेल, तर तिसरी. सोमवारी सकाळी आपल्या फाटकाबाहेर सहा-सात जुन्या मोटारी इंजिने चालू ठेवून उभ्या राहतील. सध्याचे दिवस पाहता कोणास हा मोर्चा वाटेल. तो मोर्चा नाही. घोषणा होणार नाहीत. लाँचचा भोंगा वाजू नये म्हणून बाईंना ताकीद दिली आहे. साडूंना आत बोलावण्यापूर्वी अर्धा तास द्यावा. प्रत्येक गाडीला एकदा पेचकस लावून ते आत येतील.

निकाल काय तो कळवावा. लेखी कळविल्यास मी वाचून दाखवीन. समक्ष सांगणार असाल तर त्यांना खिडकीपाशी, उजेडात घ्यावे, तोंडावरचे फडके काढावे, आणि त्यांच्याकडे पाहून, सावकाश सांगावे. आपणांस मिशी आहे, हे मी पाहिले आहे. त्याविषयी मी काही लिहीत नाही.

उत्तराची वाट पाहत आहे.

सही करणार, अर्जदार, साडू.