आधी शेंगा सोल

डरहॅम गावातल्या काळ्यांच्या वस्तीतल्या व्हर्नेलबाईचा कुणावर म्हणून इस्वास नव्हता. शाळेच्या खानावळीत रांधता रांधता तिनं जन्म घातलेला. मधी कॉलेजातली माणसं आली, काळ्या पोरांचं भलं करतो म्हणाली, फोटो काढून गेली ती गेलीच. तवापासून गोड बोलणारा दिसला की बाईचे डोळे बारीक व्हायचे.

तिच्या ओसरीवर शनिवारी वस्तीतली पोरं अभ्यासाला बसत. आयाबाया पलीकडं चवळीच्या शेंगा सोलत. नव्या माणसानं आधी बायकांत बसून दिवसभर शेंगा सोलायच्या, पोरांशी चकार शब्द नाही. बाई म्हणायची, सोलून कंटाळला की माणूस पोटातलं बोलतो.

चौऱ्याऐंशीच्या सप्टेंबरात तिथं गिरीश आला. मूळचा कराडकडचा, औषधाच्या कंपनीत नोकरी, ऱ्हायला शेजारच्या कॅरी गावात. बाईची लेक लोरेटा त्याच्याच लॅबमध्ये काचेची भांडी धुवायची.

"का रं, हितली घरं घ्यायचीत?" बाईनं विचारलं.

"नाही, मावशी."

"मग देव बदलायला आलास आमचा?"

"पोरांना गणित शिकवीन म्हणतो. फुकट."

फुकट म्हटल्यावर तर बाईला लईच वंगाळ वास आला. तिनं घमेलं त्याच्याकडं सरकवलं.

गिरीशनं टाय खिशात कोंबला अन् मांडी घातली. बोटं सराईत होती, हे बायकांनी हेरलं. दुपार कलली तसा तो आपसूक बोलाय लागला. त्याचा पोरगा विक्रम वर्गात गप बसतो म्हणून शाळेनं त्याला मंद पोरांच्या वर्गात घालायचं ठरवलं. बैठकीला हा एकटाच गेला. टेबलापलीकडं पाच साहेब. हा 'यस, यस' करून सही देऊन आला. तेव्हापासून बायको त्याच्याशी धड बोलत नव्हती.

लोरेटाचे हात थांबले. तिच्या पोरासाठी, टेरेलसाठी, अशीच बैठक मंगळवारी होती.

"एकटा गेलास?" व्हर्नेलबाई म्हणाली. "शिकलेला ना तू?"

मंगळवारी गिरीशसकट अख्खी ओसरी शाळेत गेली. मुख्याध्यापक म्हणाले, "फक्त घरचे आत येतील."

"समदे घरचेच हायत," बाई म्हणाली.

त्यांनी गिरीशकडं बोट केलं. "आणि हे?"

"पोराचा मामा."

"मामा?"

"तोंडवळा दिसंना व्हय तुमास्नी?"

मुख्याध्यापक गिरीशकडं बघत ऱ्हायले, मग त्यांनी जादा खुर्च्या मागवल्या.

मास्तरीण म्हणाली, टेरेल एका जागी बसत नाही. गिरीशनं विचारलं, "गणितं येतात त्याला?"

"येतात. पण करून झाली की उठतो."

"मग पुढची द्या की."

बायका मागं हाताची घडी घालून बसलेल्या. कुणी 'यस' म्हणालं नाही, कुणी सही केली नाही. सहीच नाही म्हटल्यावर टेरेल होता त्याच वर्गात ऱ्हायला.

भाईर आल्यावर गिरीश म्हणाला, "मावशी, आता पोरांना शिकवू ना?"

"शनिवारी ये. अर्धं पोतं शिल्लक हाय. अन् बायकोला आण, तिच्याकडनंबी ऐकू दे. खरं निघालं तर तुझ्या पोराच्या शाळेत जाऊ समद्या."

त्याची गाडी वळणाआड जाईस्तोवर बाई रस्त्यातच उभी होती.

"खरंच कॅरीकडं वळला का गं?" तिनं लोरेटाला विचारलं.