काहिलवाल्याने केलेली आभाळाची छत्री

...आणि वीरभद्रप्पाने ती छत्री पालथी घातली. काल इथवर आलो, तेवढ्यात जेवायची हाक आली. आता पुढचं ऐका, पण आधी माणूस कोण ते सांगायला हवं.

वीरभद्रप्पा मंद्रूपचा. गुऱ्हाळात उसाचा रस आटवायच्या लोखंडी काहिली करायचा. बोलायला गोड, हाताला उतावळा. नवं काम दिसलं की जुनं तसंच टाकून तिकडे धावणार. पंचाहत्तरच्या सुमाराला सरकारने एक महामंडळ काढलं. उपग्रहांच्या कामाला जे जे सामान लागतं, ते आपल्याच भागातल्या कारागिरांकडून करून घ्यायचं, म्हणजे इकडे नवा धंदा उभा राहील. ऑफिस सोलापुरात, एका तेलाच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत. शेजारचा रुद्रप्पा म्हणायचा, "आभाळाचं महामंडळ म्हणं, आन् जिना चढताना तेलावरनं पाय घसरतोय."

वीरभद्रप्पा मात्र तो जिना चढला आणि काम घेऊनच उतरला. उपग्रहाकडून येणारं टीव्हीचं चित्र झेलायची छत्री करायची. अॅल्युमिनियमच्या काड्या, त्यांवर कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसली तारेची जाळी, आणि रुंदी बैलगाडीहून जास्त. नमुन्याची एक पास झाली, की सीमेपलीकडच्या विजापूरकडच्या गावांसाठी ढीगभर छत्र्यांचं काम मिळणार. हा पठ्ठ्या एवढा हरखला, की त्या हंगामाच्या काहिलींना त्याने सरळ नाही म्हणून टाकलं. नमुना नापास झाला तर वर्षभर भट्टी थंड. हे त्याला कळत होतं आणि बायकोला, अक्कम्माला, त्याहून जास्त.

श्रावणात छत्री पुरी झाली. दुसऱ्या दिवशी इंजिनिअर यायचे होते. आता त्या घरची रीत अशी, की काहिल तयार झाली की तिची पूजा करायची आणि तिला पालथी घालायची. नवी काहिल रिकामी, तोंड वासून ठेवली तर ती गुऱ्हाळाला रस पुरू देत नाही, असं त्याच्या आज्यापासून चालत आलेलं. झालं. अक्कम्माने हळदकुंकू वाहिलं आणि दोघांनी मिळून छत्री पालथी केली. लोखंडाची काहिल आपल्या कडेवर जन्मभर बसेल. ही पडली जाळीची. सकाळी बघतात तर एका बाजूच्या काड्या वाकून कड दबलेली.

"मोडली?" अक्कम्माने विचारलं.

"वाकली," वीरभद्रप्पा म्हणाला. "मोडली आन् वाकली ह्यात लई फरक हाय."

दुपारी जीप आली. मानसिंगराव इंजिनिअर, मूळचे जेऊरकडचे शेतकऱ्याचं पोर, महामंडळात नवेच लागलेले. त्यांनी छत्रीच्या गोलाईच्या मापाचा लाकडी फर्मा तिच्या पोटावर फिरवला. तीन बाजूंना चपखल बसला, चौथीकडे मधून मूठ जाईल एवढी फट.

"हे काय झालं?"

"पालती घातली साहेब."

"पालथी? ती कशासाठी?"

वीरभद्रप्पाने सगळी रीत सांगितली. साहेबांनी हसू दाबलं. "आमच्या आईनंही हेच केलं असतं. पण वाकडी छत्री मला पास करता येत नाही. संध्याकाळचा कार्यक्रम लागायच्या आत सरळ झाली तर चढवून बघू. नाहीतर नापास म्हणून कळवावं लागेल."

मग काय विचारता. जाळीच्या तारा सुटल्या, काड्या खाली आल्या. लोखंडी हातोड्याने त्या पिचल्या असत्या, म्हणून अक्कम्माने धुण्याची लाकडी मोगरी आणून दिली. साहेबांनी बाह्या सारल्या, चिखलात गुडघे टेकले आणि फर्मा धरून बसले. "जरा वर. अजून. बास."

रुद्रप्पा कुडावरून डोकावला. "वीरभद्रा, काहिलच केली असतीस तर आतापातुर गूळ खाल्ला असता की आमी."

"बोलतूस काय तिकडनं, ये, जाळी धर."

आणि धरली की त्याने.

दिवस कलताना छत्री खांबावर चढली. जीपमधून आणलेला टीव्ही कट्ट्यावर मांडला. तोवर अर्धं मंद्रूप अंगणात. पडद्यावर नुसत्या मुंग्या. साहेब छत्री तसूतसूने फिरवत होते आणि वीरभद्रप्पा पडद्याला डोळे लावून बसला होता. मुंग्या, मुंग्या, मग एक सावली हलली, आणि बघता बघता डोईवर पदर घेतलेली एक बाई भुईमुगाच्या रानात उभी राहिली, स्वच्छ कन्नडात बोलायला लागली.

"अय्यो," अक्कम्मा म्हणाली, "ही तर माज्या माहेरच्यागत बोलती की."

"एवढं वर जाऊन आली," रुद्रप्पा म्हणाला, "तरी मराठी शिकली न्हाय."

अंगण हसलं. साहेब खांबापासून लगबगीने आले, टीव्हीपुढे उभे राहिले आणि वीरभद्रप्पाचा हात त्यांनी दोन्ही हातांत धरला. "पास, वीरभद्रप्पा. आता गावोगावच्या छत्र्या तुमच्याकडे. एवढं काम जमेल ना?"

वीरभद्रप्पाने मान वाकडी करून साहेबांच्या कमरेआडून पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाला:

"जमंल की साहेब. पर तुमी आदी खाली बसा. मदीच उभं राहिलासा, आन् ती बाई भुईमुगाला काय घालती ते दिसंना झालंय."