एकशे चाळिसावी पायरी

“पायऱ्या एकशे चाळीस. एक जरी कमी भरली, तर माझ्या उभ्या नोकरीवर पाणी सोडा,” असं अप्पा एकदा भरल्या घरात बोलून गेले होते. तेवीस वर्षं दीपगृहाचा दिवा सांभाळलेला माणूस. त्यांचा शब्द कोण खोडणार?

खोडला तो एका पाटीनं. निवृत्तीनंतर अकरा वर्षांनी लेक-जावई त्यांना दीपगृह बघायला घेऊन गेले, तर दाराशीच रंगवलेलं: पायऱ्या १३९.

“अप्पा, एक पायरी घरी नेलीत वाटतं?” जावई म्हणाला.

“पाटी रंगवणारा वर चढलाच नसेल.”

हे हसण्यावारी जाणार नाही, हे लेकीनं ओळखलं. अप्पांकडे सांगण्यासारखं फार नव्हतं. वादळ नाही, बुडती बोट नाही. रोज वर जायचं, भिंगाच्या काचा मऊ फडक्यानं पुसायच्या, वही लिहायची, खाली यायचं. त्यातून एकच आकडा त्यांनी लोकांना सांगितला होता. तोच खोटा पडत होता.

“गुडघ्यांचं काय?” तिनं विचारलं.

“येतील की मागून!”

पाहुण्यांसाठी दारात टाकलेल्या उतरत्या फळीवरून ते आत शिरले. एका हातात काठी, दुसऱ्यात कठडा, दम खात, ओठांतल्या ओठांत मोजत चढले. वर पोचल्यावर तिघांचाही आकडा एकच: एकशे एकोणचाळीस. अप्पांनी सवयीनं भिंगावरचा डाग रुमालानं पुसला. समुद्राकडे पाहिलंसुद्धा नाही.

खाली उतरल्यावर बाहेर जायची वाट मागच्या जुन्या दारानं होती. अप्पा पुढे. दारात त्यांचा पाय आपसूक उचलला गेला. मागून येणारी लेक मात्र ठेचकाळली.

“अगं आई गं! केवढा हा उंबरठा!”

भरतीचं पाणी अडवायला घातलेला वीतभर उंच दगड, मधोमध झिजून बशीसारखा झालेला. अप्पा मागे वळले. त्या खोलगट जागी त्यांनी पुन्हा पाऊल ठेवलं. अगदी नेमकं बसलं.

“अप्पा, तुम्ही रोज याच दारानं यायचात,” लेक म्हणाली. “हा धरून मोजायचात!”

जावयानं कान पकडले. “एकशे चाळीस. पाणी सोडायचं तर त्या पाटीवर सोडू.”

अप्पांनी काठीनं उंबरठ्यावर एकदा टकटक केलं, मिटल्या ओठांनी हसले आणि उन्हात चालू लागले.