पोटरी आली

आज सकाळी नंदिगड्ड्याचा चढ सायकलने चढताना दम लागला, म्हणून भाताच्या बांधाशी थांबले. शेतातल्या मावशी म्हणाल्या, "पोटरी आली बघ."

मी पाय चोळत म्हटलं, "व्हय, चढ हाय ना."

त्या हसत सुटल्या. "तुझी न्हवं गे बाय, भाताची."

मग माझी बोटं धरून त्यांनी एका फुगलेल्या ताटावर ठेवली. आत कोवळं कणीस लागत होतं.

"गेल्या साली असं पोटरीतच गव्यांनी तुडवलं. दाणा घरला आला न्हाई," त्या हळूच म्हणाल्या.

परतताना उतारावरही मी ब्रेक धरून, बांधावर गव्यांचे ठसे दिसतात का बघत आले.

शरद ऋतू आलाय, मंडळी. यंदा दाणा मावशींच्या कणगीपर्यंत पोचेल ना?